मताचें माप

लोकसभेच्या निवडणुकीचे निकाल लागले म्हणजे सुशिक्षित घरांत दोन वाक्यें हटकून ऐकूं येतात. एक, "आपल्या चार मतांनीं काय होणार होतें?" आणि दुसरें, "आपला खासदार दुसऱ्यांनींच ठरविला." २०२४ च्या जून महिन्यांत हीं दोन्ही वाक्यें आम्हीं आमच्या धाकट्या बंधूंच्या तोंडून एकाच दुपारीं ऐकिलीं. बंधू चांगले शिकलेले; परंतु मतदानाच्या दिवशीं ते सहकुटुंब परगांवीं होते. त्यांचा आमचा जो वाद झाला, तो अनेक कुटुंबांतील असल्यामुळें येथें मांडावासा वाटतो.

प्रथम आपला मतदारसंघ म्हणजे काय, तें पाहूं. १९०६ सालीं जुन्या खानदेशाचे दोन जिल्हे झाले: पूर्व खानदेशाचें ठाणें जळगांव, पश्चिम खानदेशाचें धुळें. पुढें १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार निराळें निघालें. जिल्हे असे तीन. खासदार मात्र चार. जळगांव, रावेर, धुळें आणि नंदुरबार या चार मतदारसंघांच्या सीमा जिल्ह्यांच्या सीमांशीं जुळत नाहींत. २००८ च्या फेररचनेप्रमाणें बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूर रावेरशीं जोडलेलें आहे. साक्री व शिरपूर धुळें जिल्ह्यांतलीं, पण तेथील मतें नंदुरबारच्या पेटींत. आणि धुळ्याच्या सहा विभागांपैकीं बागलाण, मालेगांव बाह्य व मालेगांव मध्य हे तीन नाशिक जिल्ह्यांतले. आमच्या भगिनी जळगांवीं असतात. त्यांनीं १३ मे रोजीं मत दिलें. आमची पाळी २० मे रोजीं आली. एका खानदेशांत, एका आईच्या लेकरांच्या बोटांस शाई लागली ती आठवड्याच्या अंतरानें! कायदा माणसें मोजतो, वेशी मोजत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे यांत नवल उरत नाहीं.

बंधूंची तक्रार मालेगांवाविषयीं होती. सहापैकीं पांच विभागांत एक उमेदवार पुढें होते. मालेगांव मध्यच्या मतांनीं पारडें फिरलें आणि डॉ. शोभा बच्छाव या डॉ. सुभाष भामरे यांच्याहून ३,८३१ मतांनीं अधिक ठरल्या. "हा काय न्याय?" असें बंधूंनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, हाच न्याय. विभाग जिंकण्याची ही शर्यत नव्हे. मतांची बेरीज आहे. मालेगांवचा विणकर उन्हांत रांगेंत उभा राहिला, त्याचें एक मत. आपणांसही तेंच एक. या मतदारसंघांत शंभरांतील सुमारें चाळीस मतदार त्या दिवशीं केंद्राकडे फिरकले नाहींत. ३,८३१ हा आंकडा त्यांच्यापुढें किती लहान! निकाल कोणास रुचो वा न रुचो, जो आला त्यानें तो ठरविला. जो आला नाहीं त्यास "दुसऱ्यांनीं ठरविला" असें म्हणण्याचा अधिकार कसा पोंचतो?

हा हक्क आपणांस कसा मिळाला, हेंही आठवावें. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकींत मत होतें तें सारा भरणारांस, मालमत्ता असणारांस आणि शिकलेल्यांस. आमच्या आजोबांस तें होतें. त्यांच्या शेतावर राबणाऱ्या गड्यास नव्हतें. त्याच्या आदल्याच डिसेंबरांत, म्हणजे १९३६ सालीं, आपल्याच फैजपुरास काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. आणि प्रौढ मताधिकारानें निवडलेल्या घटनासमितीची मागणी तेथें झाली. ती फळास येऊन १९५१-५२ सालीं सर्वांस मत मिळालें. त्या वेळीं उत्तरेकडील कांहीं प्रांतांत स्त्रिया स्वतःचें नांव न सांगतां "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेंच सांगत; त्यामुळें सुमारें २८ लक्ष स्त्रिया यादींतून गळाल्या. आमच्या मातोश्री तेव्हां नव्यानेंच सासरीं आल्या होत्या. गणनेचा मनुष्य ओट्यावर आला तेव्हां दाराआडून त्यांनीं आपलें नांव स्पष्ट सांगितलें. सासूबाईंनीं भुंवई उंचावली. पण नांव यादींत चढलें. प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी, तिजवर चिन्ह, असें तें मतदान त्या शेवटपर्यंत वर्णन करून सांगत.

आणि मतदार केवळ आपल्याच माणसास निवडतो असेंही नाहीं. १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या भरांत पूर्व खानदेशानें मुंबईचे पारशी गृहस्थ नौशेर भरुचा यांस अपक्ष म्हणून लोकसभेंत धाडलें. धुळ्यानें उत्तमराव पाटील यांस निवडलें. जनसंघाच्या साऱ्या देशांतील चार खासदारांपैकीं ते एक. आपली संख्या थोडी, म्हणून आपल्या मताचें मोल थोडें, ही समजूत मनांतून काढून टाकावी. संख्येनें थोडा असलेल्या वर्गास तर घरीं बसणें मुळींच परवडत नाहीं.

यासाठीं वाचक बंधुभगिनींनीं एक गोष्ट करावी. घरांतील प्रत्येकाचें नांव यादींत आहे कीं नाहीं, तें निवडणुकीची वाट न पाहतां आजच पाहावें. अठरा वर्षें पूर्ण झालेल्या मुलामुलींचा ६ क्रमांकाचा अर्ज भरावा. नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस स्थायिक झालेल्यांनीं ८ क्रमांकाच्या अर्जानें नांव तिकडे नेऊन घ्यावें. हीं कामें अर्ध्या तासाचीं आहेत. निकालानंतरची हळहळ मात्र पांच वर्षांची असते.