विद्येचे मोल ठरवायचे कोणी?

तीर्थस्वरूप काकांस,


शिक्षण कशासाठी, हा आपल्या पत्रातील प्रश्न अथेन्समध्ये पेटला तो प्रथम फीवरून. इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथील नागरिकाचा मुलगा लिहिणे-वाचणे, तंतुवाद्य आणि कुस्ती एवढे शिकला की त्याचे शिक्षण पुरे झाले असे मानले जाई, आणि पुढचे वळण वडीलधाऱ्यांच्या सहवासात आपोआप लागे. परंतु लोकसभेत आणि न्यायालयात ज्याला बोलता येते त्याचीच सरशी होऊ लागली, तेव्हा नगरोनगरी फिरून, पैसे घेऊन वक्तृत्व व व्यवहारनीती शिकवणाऱ्या ‘सोफिस्ट’ नावाच्या शिक्षकांना श्रीमंत घरांतून मागणी आली.

या मागणीचे सर्वांत बोलके चित्र प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादात आहे. हिपोक्रेटिस नावाचा तरुण (प्रसिद्ध वैद्य हिपोक्रेटिस तो वेगळा) पहाटेच्या अंधारात सॉक्रेटिसचे दार काठीने ठोठावतो, कारण अब्देराचा प्रोटागोरस शहरात आला आहे आणि त्याचे शिष्यत्व मिळवण्यासाठी स्वतःचेच काय, मित्रांचेही पैसे खर्चायला तो तयार आहे. सॉक्रेटिस त्याला विचारतो की, फिडियसला पैसे देणारा शिल्पकार होऊ पाहतो, मग सोफिस्टाला पैसे देणारा काय होऊ पाहतो? उत्तर उघड आहे, आणि ते देताना तरुण लाजतो. एव्हाना थोडे उजाडल्यामुळे ती लाज दिसतेही. पुढे सॉक्रेटिस सांगतो की, बाजारात घेतलेले अन्न भांड्यातून घरी नेऊन, जाणकाराला दाखवून मग खाता येते. विद्या मात्र घेताक्षणीच आत्म्यात उतरते, आणि अपाय झालाच तर तो घेऊनच माणूस परततो. शिकण्यापूर्वी शिक्षणाची पारख करता येत नाही, ही अडचण इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी मांडली असेल.

प्रोटागोरसचे उत्तरही कच्चे नाही. आपण घराचा आणि नगराचा कारभार नीट पाहण्याची समज शिकवतो, असे तो सांगतो. आणि फीबद्दल त्याची रीत अशी की, शिष्याला ठरलेली रक्कम जास्त वाटली तर त्याने देवळात जाऊन, शपथेवर, शिक्षणाची आपल्या मते जी किंमत असेल ती सांगावी आणि तेवढीच द्यावी. म्हणजे मोल ठरवायचे ते शिकलेल्याने, तेही शिकून झाल्यावर. सोफिस्टांना केवळ धनलोभी ठरवणाऱ्यांनी ही रीत सोयीस्करपणे नजरेआड केली आहे. पुढच्या पिढीतील आयसोक्रेटीस या वक्तृत्वशिक्षकाने ‘सोफिस्टांविरुद्ध’ या लेखात मात्र वर्मावर बोट ठेवले: काही शिक्षक तीन-चार मिनांत (एक मिना म्हणजे 100 द्राख्मा) सद्गुण आणि सुख देऊ करतात, पण ज्यांना न्याय शिकवणार त्याच शिष्यांवर विश्वास नसल्याने फीची रक्कम आधीच तिऱ्हाइताकडे ठेवायला लावतात.

प्लेटोने हा बाजारच नाकारला. त्याच्या ‘रिपब्लिक’मधील शासक वीस ते तीस या वयात गणित, भूमिती, खगोल आणि स्वरशास्त्र शिकतो, पाच वर्षे तत्त्वचर्चा करतो, पंधरा वर्षे कारभार पाहतो आणि पन्नाशीनंतर परमतत्त्वाकडे वळतो, आयसोक्रेटीसला मात्र गणित-खगोलात बुद्धीच्या व्यायामापलीकडे फारसे काही दिसत नाही. ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात प्रामाणिकपणे मान्य करतो की, उपयुक्त ते शिकवावे, सद्गुण शिकवावा की उच्च ज्ञान, यावर लोकांचे एकमत नाही, त्याचा स्वतःचा कल मात्र असा की, सर्वत्र उपयोग शोधणे स्वतंत्र माणसाला शोभत नाही आणि संगीत शिकायचे ते निवांत वेळ नीट घालवता यावा म्हणून. हा निवांत वेळ गुलामांच्या श्रमांवर उभा होता, आणि मुलाला शाळेत नेऊन आणणाराही बहुधा गुलामच असे. फीचा तिरस्कार करणे प्लेटोसारख्या खानदानी माणसाला परवडण्याजोगे होते. पेलोपोनेशियन युद्धात वडिलोपार्जित संपत्ती गमावलेल्या आयसोक्रेटीसला शिकवून पोट भरावे लागले.

मोलाचा हा प्रश्न शेवटी त्याच्यावरच उलटला. अथेन्समध्ये खर्चिक सार्वजनिक कर्तव्य अंगावर आलेला नागरिक, दुसरा आपल्याहून श्रीमंत आहे असे म्हणून, त्याने ते कर्तव्य उचलावे किंवा मालमत्तांची अदलाबदल करावी असे आव्हान देऊ शके. अशा दाव्यात हरलेल्या आयसोक्रेटीसने ब्याऐंशीव्या वर्षी ‘अँटिडोसिस’ हे काल्पनिक न्यायालयीन भाषण लिहून आपल्या अध्यापनाचे समर्थन केले, आणि साक्ष म्हणून सेनापती टिमोथिअस या आपल्या शिष्याला पुढे केले. टिमोथिअसने अनेक नगरे जिंकली होती. पण लोकांची आणि पुढाऱ्यांची मर्जी सांभाळणे त्याला कधी जमले नाही, असे गुरू स्वतःच कबूल करतो, आणि अथेन्सच्या न्यायालयाने त्याच टिमोथिअसला 100 टॅलेंट, म्हणजे 6,000 मिना, दंड ठोठावला होता.



आपला पुतण्या