हिशेबातील आलोचना

दशलक्षण पर्व जवळ आले की ते गृहस्थ दरवर्षी आपल्या संपत्तीची मोजदाद करीत. परिग्रह-परिमाण व्रत घेताना त्यांनी प्रत्येक वस्तूची मर्यादा वहीत लिहून ठेवली होती. भविष्य निर्वाह निधीसाठी ती १२,००,००० रुपये होती. त्यापुढे जेवढी रक्कम जाईल तेवढी बचत खात्यातून दान करायची, असा नियम होता. निवृत्तीला दोनच वर्षे उरली असल्याने या आकड्याला आता विशेष महत्त्व आले होते.

वडिलांच्या काळातील लाल वहीची जागा आता संगणकातील हिशेबाच्या सॉफ्टवेअरने घेतली होती. त्यात ३१ मार्च २०२४ची शिल्लक १२,२१,९०० रुपये दिसत होती, तर निधीच्या पासबुकात ११,९४,००० रुपये. फरक २७,९०० रुपयांचा होता. एक आकडा दान मागत होता, दुसरा दानातून मोकळे करीत होता.

सॉफ्टवेअरमध्ये यावर सोपा इलाज होता. एक बटण दाबले की 'शिल्लक समायोजन' अशी नोंद पडते आणि दोन्ही आकडे जुळतात. पासबुक हेच प्रमाण, म्हणून तसे करण्यात गैर काही दिसतही नव्हते. तरी त्यांचा हात थांबला. प्रतिक्रमणाला बसल्यावर 'काही चुकले असेल तर' एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या व्रतात कोणता दोष लागला, ते एकेक करून आठवावे लागते. ठरलेले प्रमाण ओलांडणे हाच तर या व्रताचा अतिचार. मग कारण न शोधता आकडा पुसून टाकणे ही आलोचना कशी होईल?

त्यांनी पगारपत्रके काढली आणि एकेक महिना पासबुकाशी ताडून पाहिला. मूळ वेतन ४०,००० रुपये. त्याचे १२ टक्के, म्हणजे ४,८०० रुपये त्यांचे आणि तेवढेच मालकाचे, असे ९,६०० रुपये ते दरमहा लिहीत आले होते. परंतु मालकाच्या हिश्शातील काही भाग पेन्शन योजनेकडे वळतो. त्यासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरतात, तिचे ८.३३ टक्के म्हणजे १,२५० रुपये. निधीत खरोखर जमा होत होते ८,३५० रुपये. बारा महिन्यांचे १५,००० रुपये येथे सापडले. ते बुडाले नव्हते. पुढे मासिक पेन्शनच्या रूपाने मिळणार होते. मात्र ते या शिल्लकेत कधीच नव्हते.

दुसरा दोष व्याजाचा होता. निधीचे व्याज दरमहाच्या शिल्लकेवर मोजतात, पण खात्यात वर्षातून एकदाच जमा करतात. सॉफ्टवेअर मात्र दरमहा व्याज मिळवून त्यावरही व्याज चढवीत होते, शिवाय पेन्शनकडे गेलेल्या रकमेवरही. ते ४,५५० रुपये निव्वळ आभासी होते.

उरले ८,३५० रुपये. मार्चच्या पगारातील वर्गणी त्यांनी पगाराच्या दिवशीच लिहिली होती; पासबुकात ती एप्रिलमध्ये आली. येथे चूक कोणाचीच नव्हती. फरक केवळ तारखेचा होता आणि पैसे मात्र खरे होते.

त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये पेन्शनच्या हिश्शाचे वेगळे खाते उघडले, आपोआप पडणारे व्याज बंद केले आणि पासबुकातील व्याजाची ३१ मार्चची एकच नोंद घातली. मार्चची वर्गणी 'येणे' या सदरात नेली. आता शिल्लक पासबुकाशी रुपयान्‌रुपया जुळली.

पण व्रताचा हिशेब अजून संपला नव्हता. येणे असलेले ८,३५० रुपये मार्चच्या श्रमाचेच होते. ते मिळविताच बेरीज १२,०२,३५० झाली. मर्यादा ओलांडली गेली होती, सॉफ्टवेअर सांगत होते तितकी नव्हे, आणि पासबुक सुचवीत होते तशी शून्यही नव्हे. त्या बटणाखाली खोट्या रकमेबरोबर हे २,३५० रुपयेही पुसले गेले असते, आणि तसे झाल्याचे कोणाला कळलेही नसते.

उत्तम आकिंचन्याच्या दिवशी त्यांनी २,३५० रुपये औषधदानासाठी दिले. रक्कम लहान होती. पावती त्यांनी वहीत, मर्यादा लिहिलेल्या पानावर चिकटवली आणि खाली फक्त तारीख घातली.