दोन तासांमधील भिंत

पानिपतची लढाई आम्ही कॉलेजांत दोनदां शिकलों. सकाळच्या तासाला इतिहासाचे प्रोफेसर नकाशा टांगून १७६१ सालचा तो संग्राम समजावून देत. दुपारच्या तासाला मराठीचे प्रोफेसर 'भाऊसाहेबांची बखर' उघडून तिच्या भाषेचा डौल उलगडून दाखवीत. दोघेहि विद्वान, दोघेहि तळमळीचे. परंतु बखरकार सांगतो त्यांत खरें किती, आणि जें खरें नाहीं तें त्याला तसें सांगावेंसें कां वाटलें, हा प्रश्न सकाळीं 'वाङ्मयाचा' ठरे व दुपारीं 'इतिहासाचा'. अखेर आम्हीं तो विचारण्याचें सोडून दिलें. परीक्षेंत गुण बरे मिळाले. प्रश्न मात्र तसाच राहिला.

हें आज आठवण्याचें कारण आमच्या भाचीचा प्रवेश-अर्ज. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शाखांमधील कुंपणें मोडण्याचा पुरस्कार केला, आणि पदवीच्या विद्यार्थ्यास शाखेबाहेरील विषय घेण्याची वाट मोकळी होऊं लागली. तिनें अर्थशास्त्राच्या जोडीला तत्त्वज्ञान घेतलें, तेव्हां आम्हांस आनंदच झाला. पण तिनें विचारलें, "मामा, हे दोन्ही विषय शिकविणारे एकमेकांशीं बोलतात का हो?" आम्ही गप्प राहिलों. पंगतींत शेजारीं बसलेलीं माणसें एकमेकांचीं सोयरीं होतातच असें नाहीं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत ९ मे १९१६ रोजीं बाबासाहेब आंबेडकरांनीं जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी, आणि चर्चावर्ग होता मानववंशशास्त्राचा. ज्याच्या काळजाला प्रश्न भिडला आहे, त्याला विषयांचीं कुंपणें अडवीत नाहींत. सामान्य विद्यार्थ्यापुढें मात्र तो प्रश्न कोणीतरी आणून ठेवावा लागतो. त्याच विद्यापीठाच्या कॉलेजांत १९१९ सालीं समकालीन संस्कृतीचा एक सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला. इतिहास, अर्थशास्त्र व तत्त्वज्ञान त्यांत एकाच वर्गांत आलीं. पुढल्याच वर्षीं जॉन अर्स्किन यांनीं निवडक विद्यार्थ्यांसाठीं आठवड्याला एक थोर ग्रंथ वाचण्याचा वर्ग काढला. एका मेजाशीं दोन अध्यापक बसत. आम्हांस सारें मर्म या दुसऱ्या खुर्चींत दिसतें. एकट्या अध्यापकाचें बोलणें विद्यार्थी उतरून घेतो. दोघांचा मतभेद झाला कीं त्याला स्वतः विचार करावा लागतो.

आमची मागणी मोठी नाहीं. आठवड्यांतला एक तास, एक बखर, आणि इतिहास व मराठी या दोन्ही विषयांचे प्रोफेसर एकाच वर्गांत. त्यांचें पटलें नाहीं तर अधिकच बरें. आम्हीं सोडून दिलेला प्रश्न मागल्या बाकावरून कोणीतरी पुन्हां विचारील.