फाशीचे झाड आणि त्याखालच्या ओळी

लोरेनचा चित्रकार झाक कालो याची युद्धाच्या आपत्तींवरील 18 मुद्राचित्रांची मालिका 1633 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी फ्रेंच सैन्याने त्याचे नान्सी शहर ताब्यात घेतले. संहिता आणि तिच्यावरील भाष्य यांचा संबंध वर्गात मांडताना मी वारंवार या मालिकेकडे वळतो.

मालिकेला कथनाचा क्रम आहे. सैन्यभरती, लढाई, लूट, जाळपोळ. मग पकडलेल्या सैनिकांना दिलेल्या पाच शिक्षा : हात मागे बांधून दोराने उंच खेचणे व खाली सोडणे, फाशी, गोळ्या घालणे, जाळणे, चाकावर हाडे मोडणे. यांतील फाशीचे चित्र सर्वांत प्रसिद्ध. एका मोठ्या झाडाला वीसेक देह लोंबत आहेत. शिडीवर धर्मगुरू क्रूस धरून उभा आहे, खाली पडघमावर फासे टाकले जात आहेत आणि भोवती भालाइतांच्या शिस्तबद्ध रांगा आहेत. चित्राची उंची जेमतेम 8 सेंटिमीटर; पाहणाऱ्याला अगदी जवळ जावे लागते.

चित्राखाली पद्य आहे. ते कालोचे नव्हे. त्याचे कर्तृत्व मिशेल द मारोल या धर्मगुरूकडे दिले जाते. त्यात देहांना फळांची उपमा देऊन या चोरांना दैवी न्याय भोगावा लागला, असा निर्वाळा दिला आहे. विद्यार्थ्यांना मी आधी ओळी झाकून चित्र पाहायला सांगतो. तेव्हा न्यायाचा निर्वाळा कोठेच सापडत नाही. दिसते ते एवढेच की, लटकणारेही सैनिक आणि पहारा देणारेही सैनिकच. ज्या सैन्यव्यवस्थेने लूट घडवली, तीच आता शिक्षेचा सोहळा मांडते आहे. पद्य दोष व्यक्तीवर ठेवते. चित्रांचा क्रम तो व्यवस्थेपर्यंत नेतो.

पुढील चित्रे हा ताण अधिक वाढवतात. जखमी सैनिक रुग्णालयाशी गोळा होतात, काही रस्त्याकडेला मरतात. सतराव्या चित्रात शेतकरी सैनिकांना गाठून ठार करतात. तेथे न्यायालय नाही, धर्मगुरू नाही, रांगाही नाहीत. शेवटच्या चित्रात सिंहासनावरचा राजा बक्षिसे वाटतो. मालिका येथे मिटली, असे मानणे भाष्यकाराला सोयीचे असते. परंतु सूड आणि शिक्षा यांतील भेद केवळ रांगांच्या शिस्तीपुरता उरतो काय, हा प्रश्न राजाच्या सिंहासनाने सुटत नाही.

आपल्या समीक्षेतही संहितेखाली अशा ओळी सतत लिहिल्या जातात. त्यांनी कोणाला दोषी ठरवले आणि कोणाला दृष्टीआड केले, हे तपासणे हा रूपविचाराचाच भाग आहे. कारण कालोच्या रेषेचे कौतुक करताना आपणही भालाइतांच्या रांगेमागे उभे राहून ते झाड पाहत असतो.