कधीपासून?

१८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या बाराव्या कलमाखाली जे दाखले दिले आहेत, त्यांतील दुसरा आम्हांस नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. एरवी शहाणा असलेला मनुष्य तापाच्या भरात बरळत असेल, तर ते बरळणे चालू असेपर्यंत तो करार करण्यास अपात्र, असे त्यात सांगितले आहे. 'असेपर्यंत' या शब्दापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. कायदा त्या मनुष्यास वेडा ठरवीत नाही, म्हातारा म्हणून मोडीतही काढीत नाही. ही अवस्था आली तशी जाऊही शकते, एवढे गृहीत धरतो. आपल्या जुन्या बायकांपाशीही याला नेमका शब्द होता. तापात माणूस असंबद्ध बोलू लागला की 'वात झाला' असे त्या म्हणत. वैद्य सन्निपात म्हणत. हे दुखणे आहे, एवढे दोघांसही मान्य होते. आता तो शब्द घरांतून जवळजवळ गेला आणि त्याच्या जागी 'आता वय झाले' हे वाक्य येऊन बसले. आम्हांस या वाक्याची धास्ती वाटते.

काही वर्षांपूर्वी आमची मावशी टिळकवाडीत आमच्या घरी राहावयास होती. मूळची फोंड्याकडची, वय एक्याऐंशी, पंचांग तोंडपाठ. एका मंगळवारी दुपारी, घरातच बसलेली असताना, ती 'म्हाका घरा वचपाक जाय' असे म्हणू लागली. रात्री तिला अंगणात पालखी आलेली दिसली. तिने हात जोडले. बुधवारी सकाळी ती बरीच ताळ्यावर होती, चहाही मागून घेतला. संध्याकाळी पुन्हा तेच. घरात दोन पक्ष पडले. एक म्हणे म्हातारपण, दुसरा म्हणे पुण्याई. कौल लावण्याची भाषाही निघाली. (कौल लावावयाचा तो जरूर लावावा, पण आधी रक्तातील साखर तपासावी.) तिसरा पक्ष आमच्या पत्नीचा. "सोमवारी यांनी मला एकादशी कधी ते सांगितले होते. दोन दिवसांत कोणी म्हातारे होत नाही," एवढेच ती म्हणाली आणि तिने रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी प्रथम जे विचारले ते आम्ही साक्षीदारास विचारतो तेच: कधीपासून? विसरभोळेपणाचा आजार महिन्यांनी, वर्षांनी वाढतो. हा प्रकार तासांत किंवा दोन दिवसांत उद्भवतो, दिवसभरात कमीजास्त होतो आणि त्यात लक्ष ठरत नाही. त्यांनी मावशीस वार उलटे म्हणावयास सांगितले. शनिवार, शुक्रवार, गुरुवार, आणि तेथून ती पालखीकडे वळली. बोटाला टोचून साखर तेथल्या तेथे पाहिली. ताप, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू पाहिला. लघवी तुंबली आहे काय म्हणून ओटीपोट चाचपले. रक्त व लघवी तपासणीस धाडली. मग औषधांची पिशवी टेबलावर उपडी करावयास लावली. गुन्हेगार तीत सापडला. रक्तदाबासाठी पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालेली, लघवी वाढविणारी गोळी. रक्तातील सोडियम १३५ ते १४५ असावे ते ११८ वर उतरले होते. ते एकदम चढविले तर मेंदूसच इजा होते, म्हणून सावकाश चढविले. सहाव्या दिवशी मावशीने स्वयंपाकातील मिठाविषयी तक्रार केली.

दुसऱ्या घरी कारण दुसरे असेल. मधुमेह्याची साखर उतरलेली असते. वृद्धांस तापाशिवायही न्यूमोनिया होतो. तीन आठवड्यांपूर्वी पडल्याचे कोणाच्या ध्यानातही नसते आणि कवटीच्या आत रक्त साचत असते. झोपेच्या व खाजेच्या गोळ्याही हे करतात. आणि रोजची दारू अकस्मात तुटल्यानेही होते, प्रतिष्ठित घरांतसुद्धा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा शब्द अडखळले, तर चर्चा न करता १०८ ला फोन करावा. आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जाते. जो गप्प पडून राहतो, जेवत नाही, हाकेस ओ देत नाही, त्याला आपण 'शांत झोपला आहे' म्हणतो. खरी फसगत तेथे होते.

आमच्या सीमाभागात आणखी एक पेच आहे. परिचारिका कानडीत विचारते, तरुण डॉक्टर हिंदीत, आणि म्हातारी कोकणीत उत्तर देते. मग ती भ्रमात आहे की तिला प्रश्नच कळला नाही, हे कोणी ठरवावे? गावाचे नाव 'बेळगाव' सांगणारा चुकत नाही. सरकारी नाव बेळगावी झाले ते १ नोव्हेंबर २०१४ रोजी. आपला जन्म मुंबई राज्यातला असे येथला १९५६ पूर्वीचा मनुष्य म्हणाला, तर तेही खरेच. म्हणून रुग्णाबरोबर त्याची भाषा जाणणारे माणूस, त्याचा चष्मा आणि कानाचे यंत्र ही तिन्ही गेली पाहिजेत.

वकिलास या दुखण्याची दुसरी बाजूही दिसते. खाटेपाशी मृत्युपत्राचा कागद घेऊन येणारे नातलग आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. 'ओळखतात हो सगळ्यांना,' असे ते सांगतात. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ५९ व्या कलमाखालील एक दाखला याचसाठी आहे: जवळपास काय चालले ते ज्यास कळते, नेहमीच्या प्रश्नांना जो उत्तरे देतो, परंतु आपली मालमत्ता काय, आपले नातलग कोण याची ज्यास पुरेशी समज नाही, त्याचे मृत्युपत्र वैध नाही. रुग्ण सकाळी शुद्धीवर आणि संध्याकाळी नाही असे दिसले, की आम्ही कागद परत नेण्यास सांगतो, पक्षकार रागावतात.

मावशीनेही मृत्युपत्र केले. बरी झाल्यावर महिन्याने, आणि दुसऱ्या वकिलाकडून, कारण आम्ही पडलो भाचे. दिवस तिने स्वतः पंचांग पाहून काढला, आणि मजकूर आम्हांस दाखविण्यास साफ नकार दिला.