हौदाची राखण

ढोकरी दिसत नाही, फक्त उडाली की कळते. विहिरीलगतच्या हौदाच्या कठड्यावर ती मान खांद्यांत ओढून बसलेली असते, तेव्हा तिची मातकट पाठ आणि गळ्यावरच्या तपकिरी रेघा शेवाळलेल्या जांभ्यात अशा काही मिसळतात की कठड्याचाच एखादा चिरा सुटून वर आलाय असं वाटावं. मग आपली चाहूल लागते, पंख उघडतात आणि एवढा वेळ मातीचा असलेला पक्षी पांढराशुभ्र होऊन पोफळींवरून निघून जातो. हौदात तेव्हा एक-दोन गप्पी कमी झालेले असतात.

हौद जुना. रहाट होता तेव्हा विहिरीचं पाणी आधी त्यात पडायचं आणि मग पाटानं बागेत जायचं. पंप आल्यावर त्याला काही कामच उरलं नाही. साचल्या पाण्यात डास होतात म्हणून गप्पी सोडले, सावलीसाठी कुमुद लावलं. म्हणजे मासे आले ते कामगार म्हणून. जीव जडला तो नंतर, आणि जीव जडल्याबरोबर चोर दिसायला लागले.

चोरांच्या वेळा ठरलेल्या आहेत. रात्रभर पाण्यातल्या वनस्पतीसुद्धा श्वासच घेत असतात, त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडी करत राहतात. ढोकरीला हे शास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण ती नेमकी त्याच सुमाराला हजर असते. लहान निळा खंड्या ऊन वर आल्यावर येतो. त्याला बसायला पाण्यावर झुकलेलं काहीतरी लागतं. आमच्याकडे माडाची झावळी आहेच. तो सरळ सुळकन खाली जातो, मासा घेऊन परत झावळीवर येतो, दोन-चारदा आपटतो, मग चोचीतल्या चोचीत फिरवून डोक्याकडून गिळतो. शेपटीकडून गिळला तर खवले नि पर घशात उलटे अडकतील. इतकं नीटनेटकं जेवणं माणसांतही विरळाच. त्याला हाकलायला माझा हात अजून उचललेला नाही, हे घरच्यांना सांगायची सोय नाही.

जाळी घाल, असं सगळे सांगतात. कोकणात जुन्या जाळ्याचा तुकडा कुणाकडेही मागावा, मिळतो. पण त्या मऊ नायलॉनमध्ये दिवड अडकते. पुढे सरकता येतं, मागे फिरायला गेली की खवल्यांत धागा बसतो, आणि ती जितकी धडपडेल तितका तो आवळतो. दिवड बिनविषारी, चावते मात्र कडकडून. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तिला अभय आहे. तेव्हा जाळी घालायचीच तर चौकटीवर ताणलेली कडक तारेची. त्याहून बरं म्हणजे पाण्यालाच राखणीला बसवणं. ढोकरी उथळात उभी राहून मारते. हौदाच्या भिंती सरळसोट आणि पाणी कठड्यापासून हातभर खाली ठेवलं तर तिला पाय ठेवायला जागा नाही आणि चोचही सहसा पोचत नाही. तळाशी नळीची कौलं पालथी टाकायची. घरावर मंगलोरी कौलं चढली तेव्हा उतरवलेल्या या नळ्या कित्येक वर्षं गोठ्यामागे पडून होत्या. आता सावली पडली की अख्खा हौद क्षणात त्यांच्याखाली जातो.

हे सगळं केल्यावर वर बघायचं थांबलं आणि नजर पाण्यात गेली. तिथे वेगळाच कारभार होता. चतुराची अळी कुमुदाच्या देठाला चिकटून असते, पाण्याच्याच रंगाची. तिचा खालचा जबडा हातासारखा दुमडून तोंडाखाली ठेवलेला. पिल्लू टप्प्यात आलं की तो जबडा सुटतो, पकडतो आणि परत मिटतो; हे सगळं डोळ्याला दिसत नाही, फक्त पिल्लू नसतं. आणि गप्पी? गप्पीची मादी अंडी घालत नाही, पोहती पिल्लंच देते, आणि भूक असेल तर वळून त्यांतलीच काही खाते. ढोकरीवर काढलेला राग यानंतर कुठे ठेवायचा?

शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या गोष्टीत इवला मासा स्वतःच येऊन रक्षण मागतो, आणि भीती सांगतो ती बगळ्याची नव्हे, माशांचीच. मोठे मासे लहानांना खातात, तेव्हा मला आधी घागरीत ठेव, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोड. पाळीव माशाचा हा फार जुना उल्लेख, आणि त्या माशाला आपली जात पक्की ठाऊक होती. महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहात मोठाले मासे निर्धास्त फिरतात ते वरदायिनी देवीचे म्हणून. तिथे माणसापुरता प्रश्न श्रद्धेनं सोडवलाय. आमच्या हौदाला असा कुणी वाली नाही. जागेच्या राखणदाराला नारळ देतो, पण त्यात गप्पी धरलेत की नाहीत, विचारायचं कुणाला?

जाळी नि कौलं झाल्यावर नर जास्त रंगीत दिसायला लागले, असं मला वाटतं. वाटण्याला आधार आहे. गप्पींच्या मूळ मुलखात, त्रिनिदादच्या ओढ्यांत, जॉन एंडलर या अभ्यासकानं पाहिलं की जिथे शिकारी मासे दांडगे तिथले नर फिकट, जिथे धोका कमी तिथले भडक. मग त्यानं कृत्रिम तळ्यांत शिकारी घालून आणि न घालून तेच घडवून दाखवलं. 1980 साली ते छापून आलं. मादीला भडक आवडतो, शिकाऱ्यालाही भडकच दिसतो. माझ्या हौदातली शेंदरी शेपटी ही थोडीबहुत माझ्या राखणीची कमाई, असं मी धरून चालतो. शास्त्रज्ञ मानणार नाहीत.

पावसाळा सरता सरता आरोग्यसेवक बादली घेऊन येतात. डासांसाठी गप्पी हवे असतात. शेंदरी शेपट्या दाखवल्या तरी ते बघत नाहीत. "माद्या द्या, पोटाच्या," म्हणतात. एक मादी पुरते. नराशी एकदा संबंध आला की पुढे कित्येक महिने ती पिल्लं देत राहते. मी जाळीची चौकट उचलून भरपूर देतो आणि दर खेपेला तेच सांगतो: टाक्यांत सोडा, बांधीव हौदांत सोडा, ओढ्यात मात्र एकही नको. हा परक्या पाण्याचा मासा, तिथे आपल्या माशांची अंडी नि बेडकांची पिल्लं याच्यापासून कोण राखणार? ते हो म्हणतात, बादलीवर फडकं बांधतात आणि चहा घेऊनच जातात.