ओलं आतडं

कुत्र्याचं पोट उघडलं की माझं लक्ष आधी आतड्याच्या चकाकीकडे जातं. निरोगी आतडं गुलाबी, ओलं असतं, बोटांतून निसटतं. दिव्याखाली ते उघडं राहिलं की बघता बघता मलूल दिसू लागतं. म्हणून कोमट सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज त्यावर पांघरायचं आणि ते सुकू द्यायचं नाही. नवी मुलं टाके घ्यायला उत्साहानं शिकतात, पण हे काम त्यांना किरकोळ वाटतं. माझ्या मते निम्मी शस्त्रक्रिया तिथंच असते.

आतड्याचं आवरण सुकलं किंवा खरचटलं की त्यातून फायब्रिन पाझरतं आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. बहुतेक वेळा शरीर ते काही दिवसांत विरघळवून टाकतं. नाही विरघळलं, तर त्यात तंतू भरून घट्ट पट्टा बनतो. त्यात एखादा वेढा आवळला की वाट बंद. गॉजचे सुटे धागे, साकळलेलं रक्त, हातमोज्यांवरची पावडर यांचाही त्याला हातभार लागतो. अमेरिकेनं २०१७मध्ये पावडरचे सर्जिकल हातमोजे बंद केले, त्यामागच्या कारणांत हेही होतं.

माणसाच्या किंवा घोड्याच्या मानानं कुत्र्यांत असे पट्टे कमी होतात. त्यामुळेच तिसऱ्या दिवशीची उलटीसुद्धा भुलीवर ढकलली जाते, आणि ते मला मुळीच पटत नाही. ऑपरेशननंतर आतडी मंदावतात हे खरं, पण एक-दोन दिवसांत ती मार्गी लागायला हवीत. "डॉक्टर, काल भात खाल्ला होता हो त्यानं, आज पाणीही ठरत नाही," असा फोन आला की मी त्याच दिवशी बोलावतो. आतड्याचा टाका गळतोय का, हेही तेव्हाच पाहायचं असतं. एक्स-रेमध्ये लहान आतड्याच्या वेढ्याची रुंदी पाचव्या कटिमणक्याच्या उंचीच्या १.६ पटीहून जास्त दिसली तर अडथळ्याचा संशय बळावतो. सोनोग्राफीत एकात एक कडी दिसली तर आतड्यात आतडं शिरलेलं असतं; मग थांबण्यात अर्थ नाही. ते नुसतं ओढलं तर फाटतं. खालच्या टोकाकडून हलकेच दाबत मागं सारावं लागतं. काळं पडलेलं असेल, तर तेवढा भाग कापून जोड घ्यायचा.

घरी गेल्यावर कुत्र्याला चार दिवस उपाशी ठेवायला मालक तयार असतात. मी मात्र शुद्धीवर आल्यावर, उलटी नसेल तर, लवकरच थोडं मऊ अन्न द्यायला सांगतो. अन्न पोचलं की आतडी लवकर हलू लागतात.